बैरंग टपालाचा बंदोबस्त

तिकीट न लावता पेटीत टाकलेल्या पत्रास आपल्याकडे बैरंग म्हणत. त्याचा आकार दंडासह घेणाऱ्याकडून वसूल होई. मात्र ते पत्र नाकारण्याची मुभा त्याला असे. आज ई-मेलमधून येणारे नको असलेले टपाल, ज्याला जगभर ‘स्पॅम’ म्हणतात, तेही एका अर्थाने बैरंगच आहे. पाठविणाऱ्यास खर्च जवळजवळ शून्य. ते साठविण्याचा, निवडण्याचा आणि प्रसंगी फसण्याचा भुर्दंड घेणाऱ्याच्या माथी. शिवाय बैरंगासारखे ते दारातून परत करता येत नाही. याचा बंदोबस्त कसा करावा याविषयी जाणकारांत अनेक वर्षे वाद चालू आहे. तो वाद केवळ यंत्रज्ञांचा नव्हे, हे आम्हांस येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम रोगाचे मूळ पाहू. 3 मे 1978 रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या गॅरी थ्युर्क नावाच्या विक्री-अधिकाऱ्याने ‘अर्पानेट’ या तत्कालीन संगणकजाळ्यावरील सुमारे 400 लोकांना एकच जाहिरात एकदम पाठविली. अशा टपालाचा हा आरंभ मानतात. पुढे 1982 मध्ये ई-मेलच्या दळणवळणाचे नियम ठरले. जाळे लहान होते, माणसे परस्परांच्या ओळखीची होती. त्यामुळे पत्रावर लिहिलेले पाठविणाऱ्याचे नाव खरे की खोटे, हे तपासण्याची सोय त्या नियमांत ठेवली गेली नाही. पुढे गाव वाढला, पण दारांना कड्या बसल्या नाहीत.

बंदोबस्ताचा पहिला पक्ष गाळणीचा. पॉल ग्रॅहम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने 2002 साली लिहिलेल्या एका निबंधामुळे ही पद्धत विशेष गाजली. आलेल्या पत्रातील प्रत्येक शब्द पूर्वीच्या चांगल्या व वाईट पत्रांत किती वेळा आला होता, हे यंत्र मोजते आणि त्यावरून पत्र स्पॅम असण्याचा संभव ठरविते. पद्धत गुणकारी खरी. आज तिच्याच सुधारलेल्या वारसांमुळे आपल्या पेट्या वापरण्याजोग्या राहिल्या आहेत. पण तिची चूक कोणाला भोवते, हेही पाहिले पाहिजे. आमच्या अंजनगाव सुर्जीच्या परिसरात पानमळ्यांबरोबर पानपिंपळी पिकते आणि ती औषधांसाठी बाहेर जाते. समजा, येथल्या एखाद्या बागाईतदाराने दूरच्या औषध-कारखान्यास ई-मेलने भाव कळविला. त्यात रक्कम आली, बँकेचे खाते आले, ‘त्वरित कळवावे’ ही विनंती आली. नेमके हेच शब्द ठगाच्या पत्रातही असतात. गाळणीने ते पत्र अडगळीत टाकले तर कारखान्यास ते दिसत नाही, आणि बागाईतदारास उत्तर का आले नाही हे कळत नाही. शंभर खोटी पत्रे अडविल्याचे समाधान त्या एका खऱ्या पत्राची भरपाई करीत नाही. त्यातून ज्या भाषेतील नमुने यंत्राला थोडे मिळाले, त्या भाषेत त्याची पारख कच्ची राहणार, हे उघड आहे.

दुसरा पक्ष काळ्या यादीचा. जेथून स्पॅम निघते ते संगणक हेरून त्यांचे सारेच टपाल नाकारावयाचे. 1998 मध्ये स्थापन झालेली ‘स्पॅमहाउस’ ही संस्था अशा याद्या ठेवीत आली आहे. यात पाठविणाऱ्यास चटका बसतो, हा गुण. पण एकाच संगणकावरून अनेकांचे टपाल जात असल्यास सुक्याबरोबर ओलेही जळते.

तिसरा पक्ष कायद्याचा. अमेरिकेने 2003 साली असा कायदा केला, पण परदेशात बसलेल्या व नाव लपविणाऱ्या ठगापर्यंत त्याचा हात सहसा पोचत नाही. आपल्याकडचा अनुभव अधिक बोलका आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने कलम 66-अ आले. त्रास देण्यासाठी किंवा उगमाविषयी फसविण्यासाठी पाठविलेला ई-मेल त्याने गुन्हा ठरविला होता. परंतु त्याची भाषा इतकी सैल होती की, नोव्हेंबर 2012 मध्ये पालघर येथे फेसबुकवरील एका साध्या मतप्रदर्शनासाठी दोन तरुणींना अटक झाली. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते संपूर्ण कलम रद्द केले. जाळे चोरासाठी विणावे आणि त्यात वाटसरू सापडावा, असे झाले.

चौथा पक्ष म्हणतो, पत्राला तिकीट लावा. सिंथिया ड्वर्क व मोनी नाओर यांनी 1992 मध्येच सुचविले होते की, प्रत्येक पत्रामागे पाठविणाऱ्याच्या संगणकाला थोडे कष्टाचे गणित सोडवावयास लावावे. यामागील तर्क बळकट आहे. 2008 मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी मोजून पाहिले, तेव्हा सुमारे 35 कोटी स्पॅम-पत्रांमागे फक्त 28 माणसे खरेदीपर्यंत पोचली. त्या खरेदीची एकूण किंमत होती सुमारे 2,700 डॉलर. पत्रामागे एक पैसा जरी पडता, तरी खर्च 35 लाख रुपये झाला असता आणि धंदा तेथेच बुडाला असता. परंतु ठग दुसऱ्यांचे संगणक बळकावून पत्रे पाठवितात. मग तिकिटाचा भार त्या निरपराध मालकांवर पडतो. आणि हजार सभासदांना सभेची सूचना धाडणाऱ्या वाचनालयाने काय करावे?

पाचवा पक्ष ओळखीचा. पत्रावर त्या संस्थेची मोहर हवी आणि ती अधिकृत ठिकाणाहून निघालेली हवी, अशी व्यवस्था आता रूढ झाली आहे. फेब्रुवारी 2024 पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांवर ती सक्तीची केली. नाव सहज कमी करण्याची सोय ठेवण्याचेही बंधन घातले. मोबाईलवरील व्यापारी संदेशांसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2018 च्या नियमांनी पाठविणाऱ्याच्या नावाची व मजकुराच्या साच्याची नोंदणी आवश्यक केली. अर्थात, ठगही मोहर करून घेऊ शकतो. मोहर सज्जनपणाचा दाखला नाही. ती फक्त जबाबदार कोण, एवढे सांगते.

आमच्या मते या वादाची कसोटी एकच: कोणता उपाय बैरंगाचा आकार पुन्हा पाठविणाऱ्याकडे नेतो आणि तसे करताना लहान माणसाचे दार बंद करीत नाही? या कसोटीवर ओळखीचा मार्ग सर्वांत पुढे जातो. गाळणी त्याच्या मदतीस असावी, मालकीण नसावी. कायदा हवा, पण नेमक्या शब्दांचा. मात्र मोहर घेण्याची खटपट मोठ्या कंपन्यांना जमते, तालुक्याच्या सहकारी संस्थेला अवघड वाटते. ती तिला शिकविणे हे शाळा-महाविद्यालयांतील संगणक जाणणाऱ्या तरुणांचे काम आहे. आणि वाचकांनी आठवड्यातून एकदा आपली स्पॅमची पेटी जरूर चाळावी. तेथे एखाद्या गरजवंताचे खरे पत्र उत्तराची वाट पाहत पडलेले असू शकते.