जीवशास्त्राची उजळणी, भाग 6 : सह्याद्री भात आणि आईकडून आलेली तंतुकणिका

दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये आनुवंशिकता पहिल्या धड्यात आहे, पेशीश्वसन दुसऱ्यात, परिसंस्था चौथ्यात आणि जैवतंत्रज्ञान थेट आठव्यात. परीक्षा जवळ आली की मुलं हे धडे सुटे सुटे घोकतात आणि एका धड्यातलं दुसऱ्यात वापरायची वेळ आली की अडतात. कर्जत-खालापूरच्या मुलांनी असं अडायचं काहीच कारण नाही. हे चारही धडे त्यांच्या घरामागच्या भातखाचरात एकाच रोपात भेटतात, आणि तिथे ते वेगळे काढताच येत नाहीत. आजची उजळणी त्या एका रोपावर.

कर्जतला 1919 पासून भात संशोधन केंद्र आहे. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक केंद्र आहे. कर्जत-184, कर्जत-3 ही नावं रायगडात बियाण्याच्या दुकानात कुणीही सांगेल. पण उजळणीसाठी आपल्याला हवा आहे तो 1998 मध्ये प्रसारित झालेला ‘सह्याद्री’ हा संकरित भात. त्याची आई आयआर 58025 ए, म्हणजे फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा वाण. बाप बीआर 827-35.

आता प्रश्न असा, की भातात संकर करायचाच कसा? भाताचं फूल बघा. लोंबीतल्या प्रत्येक दाण्याच्या जागी आधी एक इवलंसं फूल असतं. सकाळी ऊन तापलं की त्याची दोन तुसं उघडतात, आतून सहा पुंकेसर बाहेर लोंबतात आणि पिसासारख्या दोन कुक्षी दिसतात. तासाभरात तुसं पुन्हा मिटतात. एवढ्या वेळात, बहुतेक वेळा उघडता उघडताच, फुलाचे स्वतःचे परागकण स्वतःच्याच कुक्षीवर पडलेले असतात. भात हे पक्कं स्वपरागण करणारं पीक आहे. एकेका फुलाचे पुंकेसर चिमट्याने काढून संकर करता येतो, प्रयोगशाळेत तसा करतातही. पण एकरभर पेरणीचं बियाणं त्या रीतीने तयार होणं शक्य नाही. त्यासाठी आई असलेल्या रोपाला मुळात स्वतःचे कामाचे परागच नसले पाहिजेत.

असं रोप निसर्गातच सापडलं. नोव्हेंबर 1970 मध्ये चीनच्या हायनान बेटावर भात-शास्त्रज्ञ युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना रानभाताचं एक झाड दिसलं. त्याचे परागकोश सुकलेले होते आणि पराग वांझ होते. ते झाड दुसऱ्या भाताच्या परागांनी फळलं आणि त्याची पुढची पिढीही परागवांझच निघाली. पुन्हा पुन्हा संकर केला तरी हा गुण आईकडून येतच राहिला. बापाने केंद्रकातली गुणसूत्रं दिली, पण वांझपणा काही गेला नाही. यावरून काय ओळखायचं? हा गुण केंद्रकात नाही, पेशीद्रव्यात आहे.

पेशीद्रव्यात स्वतःचं डीएनए बाळगणारी अंगकं वनस्पतीत दोनच, हरितलवक आणि तंतुकणिका. इथे गुन्हेगार तंतुकणिका. तिच्या डीएनएतल्या नेमक्या कोणत्या जनुकाने हे घडतं, हे चिनी संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिलं. त्या जनुकापासून बनणारं प्रथिन तंतुकणिकेतल्या ‘कॉक्स-11’ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. परागकोशाच्या आत एक थर असतो, त्याचं काम वाढत्या परागांना अन्न पुरवणं. काम संपलं की तो थर मरतो, हे ठरलेलंच असतं. पण या रोपात त्या चिकटण्यामुळे तो वेळेआधी मरतो आणि पराग उपाशी राहतात.

या कॉक्स-11 जवळ जरा थांबू या, कारण तुमच्या शरीराचा धडा इथेच आहे. वरणभाताचा घास तोंडात गेला की लाळेतलं टायलिन स्टार्चचं माल्टोज करतं. पुढे लहान आतड्यात त्याचं ग्लुकोज होतं, ते रक्तात जातं आणि पेशीत शिरतं. पेशीद्रव्यात ग्लुकोजचं विघटन होऊन पायरुविक आम्ल बनतं. तंतुकणिकेत त्याचं असेटिल-को-एन्झाइम-ए होऊन क्रेब चक्र फिरतं. शेवटी इलेक्ट्रॉन वहन साखळी येते. त्या साखळीच्या अगदी टोकाला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हवाली करणारं एक विकर आहे, सायटोक्रोम ऑक्सिडेज. ते काम करायला तांबं लागतं आणि ते तांबं त्यात नीट बसवायला कॉक्स-11 मदत करतं. भाताच्या पेशीत हे प्रथिन आहे, तसंच ते तुमच्या पेशीतही आहे. श्वास घेतलेला ऑक्सिजन जातो कुठे, या प्रश्नाचं उत्तर ‘फुप्फुसात’ असं लिहून मुलं थांबतात. खरं उत्तर त्या साखळीच्या टोकाशी आहे, जिथे ऑक्सिजनचं पाणी होतं. एका ग्लुकोजपासून 38 एटीपी मिळतात असं पुस्तक सांगतं, परीक्षेत तेच लिहा. नव्या हिशेबाने तो आकडा 30 ते 32 च्या घरात धरतात.

तंतुकणिका आईकडूनच येते, हा नियम तुम्हालाही लागू आहे. शुक्राणूच्या तंतुकणिका फलनानंतर टिकत नाहीत. तुमच्या पेशीतल्या तंतुकणिका आईच्या अंड्यातून आल्या, तिच्या तिच्या आईकडून. तसंच कर्जतच्या खाचरातल्या सह्याद्रीच्या प्रत्येक रोपात हायनानच्या त्या रानभाताच्या तंतुकणिका आहेत, कारण आयआर 58025 ए ने त्या तिथूनच घेतल्या. मला या विषयातली ही सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते.

मग सह्याद्रीला दाणे कसे भरतात? बाप असलेल्या वाणाच्या केंद्रकात अशी जनुकं असतात जी तंतुकणिकेतला हा बिघाड झाकतात. त्यांना सुपीकता परत आणणारी जनुकं म्हणतात. बियाणं घेताना मादी ओळी आणि नर ओळी शेजारी शेजारी लावतात. मादीची लोंबी पानाच्या आवरणातून पुरती बाहेर पडत नाही, म्हणून जिबरेलिक आम्ल फवारतात. फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी फुलं उघडली की दोघे जण दोन टोकांना दोरी धरून ती नर ओळींवरून फिरवतात, म्हणजे पराग उडून मादीवर पडतात. भाताचा पराग काही मिनिटंच जिवंत राहतो, त्यामुळे ही दोरी वेळेवरच फिरावी लागते. जैवतंत्रज्ञान म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे परीक्षानळ्या येतात. इथे ते चिखलात पाय रोवून, दोरी हातात घेऊन चालतं.

हे बियाणं दर वर्षी विकत का घ्यावं लागतं? शेतकरी फार कळकळीने विचारतात आणि त्यांना अनेकदा ‘उत्पन्न घटतं’ एवढंच उत्तर मिळतं. ते पुरेसं नाही. मेंडेलला बोलवा. हिशेब सोपा व्हावा म्हणून परत आणणारं जनुक एकच धरू. संकरित रोपात त्याची जोडी ‘मोठा आर-लहान आर’ अशी आहे. त्याच रोपाचे दाणे पेरले तर पुढच्या पिढीत चार रोपांमागे एक ‘लहान आर-लहान आर’ निघणार. तंतुकणिका मात्र सगळ्यांची तीच, वांझपणाची. म्हणजे चौथ्या रोपाला कामाचे परागच नाहीत, लोंबीत पळंज. प्रत्यक्षात अशी मुख्य जनुकं दोन आहेत, त्यामुळे प्रमाण बदलतं, पण कारण हेच. शिवाय उंची, पिकण्याचा काळ हे गुणही विखुरतात. अर्धं शेत कापायला आलेलं आणि अर्धं हिरवं. शेतकऱ्याला 3:1 चं गुणोत्तर फळ्यावर शिकवायची गरज नाही, त्याला ते खाचरात दाखवता येतं, आणि बियाणं विकताना ते दाखवायला हवंच.

परिसंस्थेच्या धड्यात विविधतेचं महत्त्व एका वाक्यात उरकलं जातं. त्याचा खरा पुरावा तंतुकणिकेतच आहे. अमेरिकेत मक्याच्या संकरित बियाण्यासाठी ‘टेक्सास’ नावाचं असंच एक परागवांझ पेशीद्रव्य जवळजवळ सगळीकडे वापरलं गेलं. 1970 मध्ये करप्याची एक बुरशी आली आणि तिचं विष नेमकं त्या तंतुकणिकेतल्या प्रथिनावर घाव घालू लागलं. देशातल्या पिकाचा सुमारे 15 टक्के हिस्सा गेला. केंद्रकं निरनिराळी होती, पण आई सगळ्यांची एकच होती. म्हणून कोकणातले कोळंबा, राता, पटणी, मुणगा हे जुने वाण नुसत्या आठवणीपुरते राखून भागणार नाही, ते शेतात हवेत.

आणि रोपाखालची माती? तुंबलेल्या खाचरात ऑक्सिजन नसतो. भाताची मुळं जगतात, कारण खोडातल्या हवेच्या पोकळ्यांतून त्यांना हवा पोचते. आजूबाजूच्या चिखलात मात्र विनाऑक्सिजन जगणारे सूक्ष्मजीव मिथेन बनवतात. जुन्या रीतीत राब भाजायला डोंगरावरचा पालापाचोळा यायचा, म्हणजे वरच्या रानातली खनिजं खालच्या खाचरात उतरायची. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धतीत चिखलणी नाही, लावणी नाही. गादीवाफ्यावर थेट टोकणी होते आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच राहतात. ती कुजतात, गांडुळांना खाद्य होतं, जमिनीतला कर्ब वाढतो. त्याच वाफ्यावर वाल टोकला की त्याच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम हवेतला नायट्रोजन बांधतो. तणासाठी ही पद्धत तणनाशकावर विसंबते, ती बाजू मला खटकते; तरी विघटक म्हणजे काय हे शिकवायला कर्जत तालुक्यात याहून चांगली जागा नाही.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात हळवे-निमगरवे भात फुलोऱ्यात असतील तेव्हा सकाळी दहा-साडेदहाला खाचरावर जा. लोंबीतलं उघडलेलं फूल भिंगाखाली धरा, सहा पुंकेसर मोजा आणि आकृती तिथेच काढा. पुढच्या भागात पाताळगंगेचं पाणी, खोपोलीचं वीजगृह आणि नदीतली अन्नसाखळी.