बुडालेली नोट

औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर. येथील जुन्या घरांत पोथीचा रुमाल सोडतांना कधीं कधीं निजामाच्या राज्यांतील एखादी नोट हातीं येते; आणि वरचीं उर्दू अक्षरें पाहून ती केराबरोबर जाते! आम्हीं अशी एक नोट उलटून पाहिली, तों पाठीमागें तेलुगु, कानडी, इंग्रजी यांच्या जोडीला किंमत मराठींतही!

हैदराबाद संस्थानानें स्वतःच्या नोटा 1918 सालीं काढल्या. नाशिकच्या छापखान्यांत नोटा छापूं लागल्या त्या 1928 पासून. त्यामुळें ह्या लंडनास वॉटरलो कंपनीकडून छापवून आगबोटीनें येत. 20 मे 1922 रोजीं फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यांत टक्कर होऊन ‘इजिप्त’ बोट सोन्यारुप्यासह बुडाली. तींत ह्या नोटाही होत्या. सुमारें दहा वर्षांनीं इटालियन पाणबुड्ये सोनें काढूं लागले, तेव्हां त्याही वर आल्या. सही व्हावयाची राहिलेली, म्हणून व्यवहारांत कवडीमोल. संग्राहक मात्र त्या जिवापाड जपतात.

घरोघरच्या नोटांचें नशीब निराळें. 1950 सालीं भारतीय रुपया आला, तेव्हां सात हाली रुपयांस सहा रुपये असा भाव होता. बहुतेकांनीं नोटा बदलून घेतल्या. पोथींत चुकून राहिलेली एखादी सांपडल्यास तिला चिकटपट्टी लावूं नये, धुऊं नये. घडी उलगडून वहींत सपाट ठेवावी.