धुळीतली रेघ

आई गेली तेव्हा जिव्या सात वर्षांचा होता. त्या धक्क्याने त्याचं बोलणंच थांबलं. काही सांगायचं असलं की तो खाली बसायचा आणि धुळीत चित्र काढून दाखवायचा. बोलणं पुढे परत आलं, पण रेघ काढणारा हात काही थांबला नाही.

तलासरी तालुक्यातल्या धामणगावात १९३४ साली जन्मलेले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे नंतर डहाणू तालुक्यात गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहिले आणि १५ मे २०१८ रोजी गेले. मधल्या काळात त्यांची चित्रं युरोप-जपानपर्यंत पोचली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तरी त्यांचं घर पाड्यावरच राहिलं. भातशेती, गुरं, ओहोळातले मासे, मुंग्यांची वारुळं हा त्यांचा रोजचा शेजार होता आणि चित्रांतही तोच येत राहिला.

ही चित्रं पाहिली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: लहान मुलांनी काढल्यासारखी आहेत. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं आणि त्यात थोडं तथ्यही आहे. मूल एका जागी उभं राहून जेवढं दिसतं तेवढंच काढत नाही, त्याला जे ठाऊक असतं ते काढतं. घर काढलं की भिंतीआडची आजीसुद्धा काढतं. म्हसे यांच्या चित्रातही झाड बाजूने दिसतं आणि त्याच्याच शेजारचं खळं वरून. सावली नाही, क्षितिज नाही, जवळचं मोठं आणि लांबचं लहान हा हिशेब नाही. पण साधर्म्य इथे संपतं. पुढची सगळी करामत नजरेची आणि हाताची आहे.

एक करून पाहा. कागदावर टोक खाली असलेला त्रिकोण काढा आणि त्याच्या खाली टोक वर असलेला दुसरा. टोकं जिथे टेकतात ती कंबर. वर गोल डोकं, बाजूला काड्यांसारखे हातपाय. आपल्यापैकी बहुतेकांचा माणूस सैनिकासारखा ताठ उभा राहील. म्हसे यांचा माणूस तसा उभा राहत नाही. वरचा त्रिकोण ते जरासा कलता ठेवत. सगळं शरीर एका टोकावर तोललेलं असल्यामुळे तेवढ्याने ते पडेल असं वाटतं आणि पडू नये म्हणून जणू पाऊल पुढे टाकतं. भाताची रोपं लावायला वाकलेली बाई, डोक्यावर भारा घेऊन निघालेली बाई, नाचणारी बाई यांचे त्रिकोण तेच, कल मात्र वेगळे. चेहऱ्यावर नाक-डोळे नसताना कोण काय करतंय हे आपल्याला कळतं ते या कंबरेमुळे. तारप्याच्या नाचात तर तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ न करता माणसांची साखळी गोल गोल उलगडत जाते, आणि प्रत्येकाची कंबर त्या वळणातली आपली जागा सांगते.

ही आकृती म्हसे यांनी शोधलेली नाही. ती वारली आदिवासी बायकांची आहे आणि हे ठासून सांगायला हवं. लग्नघरात कुडाच्या भिंतीवर शेणमाती आणि गेरूचा हात दिला की सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. काडीचं टोक चावून मऊ केलं की झाला कुंचला. चौकात पालघट देवी येते, शेजारच्या छोट्या चौकात पंचशिऱ्या देव घोड्यावर येतो, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते आणि लग्न लागतं. चित्र टिकावं अशी कुणाची अपेक्षाच नसते. पुन्हा भिंत सारवली की ते जातं. या बायकांपैकी कितीजणींची नावं आपल्याला माहीत आहेत? मला हे फार लागतं.

पुरुषाने चित्र काढणं रीतीत नव्हतं. म्हसे यांनी लग्न नसतानाही, रोज, नुसतं मनात आलं म्हणून चित्रं काढायला घेतली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात आले. बिहारमध्ये १९६६-६७ चा दुष्काळ पडला तेव्हा मिथिलेतल्या बायकांच्या हाती कागद देणारे चित्रकार ते हेच. म्हसे यांचा हात त्यांनी ओळखला. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन भरलं आणि १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कागद आणि कापड आल्याने दोन गोष्टी बदलल्या. चित्र टिकू लागलं, आणि विधी बाजूला राहून रोजचं जगणं त्यात शिरलं. आगगाडीसुद्धा आली.

आता वारली माणसं उशीच्या अभ्र्यांवर आहेत, कपांवर आहेत, उड्डाणपुलांच्या खांबांवर आहेत. २०१४ मध्ये या कलेला भौगोलिक मानांकन मिळालं. पोट भरत असेल तर त्याला नावं ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं. तरी छाप्याने उठवलेली ती एकसारखी माणसं पाहिली की जाणवतं, त्रिकोण आले आणि तोल राहून गेला.

२००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात म्हसे यांची चित्रं रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या कामासोबत मांडली गेली. लाँग यांनी १९६७ मध्ये एका कुरणात पुन्हा पुन्हा चालून गवतात सरळ रेघ उमटवली होती. ती रेघ हेच त्यांचं काम. एकाने पायांनी जमिनीवर रेघ काढली, दुसऱ्याच्या बोटाची सुरुवातच धुळीत झाली, म्हणून ही जोडी मला नेमकी वाटते.

म्हसे यांनी काढलेलं मासे धरायचं जाळं मिळेल तिथे पाहा. लांबून ते कापडावर पसरलेलं धुकं वाटतं. जवळ गेलं की बारीक बारीक रेघांची वीण दिसू लागते, शेकडो डोळ्यांची, एकही डोळा पट्टी लावून काढल्यासारखा नाही. जाळं वाऱ्यावर फुगल्यासारखं सगळं चित्र व्यापून राहतं, आणि ते टाकणारी माणसं त्याच्यापुढे मुंगीएवढी, कंबरेत किंचित कललेली.