काढावे की ठेवावे?

स्तनांच्या दुखण्याविषयी उघड बोलण्याची आपल्याकडे चाल नाही. कॅन्सरमुळे स्तन काढावा लागला आणि पुढे त्या जागी सिलिकोनची पिशवी बसविली, हे कित्येकदा सख्ख्या बहिणीलाही सांगितलेले नसते. बांधा सुधारावा म्हणून बसवून घेतली असेल, तर मग विचारूच नका! अशी पिशवी (इम्प्लांट हा शब्द आता आपल्या तोंडी बसला आहे, तोच वापरतो) दहा-बारा वर्षांनी त्रास देऊ लागली, किंवा काही त्रास नसताना मनात भय शिरले, तर विचारायचे कोणाला? मी डॉक्टर नव्हे, तर्कशास्त्र शिकविणारा माणूस आहे. काढा किंवा ठेवा असे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु डॉक्टरांपुढे बसण्याआधी प्रश्न नीट कसा मांडावा, एवढे सांगता येईल.

सिलिकोन जेलचे पहिले इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत, टेक्सास राज्यातील ह्यूस्टन येथे, थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या शल्यचिकित्सकांनी बसविले. एकदा बसविले की जन्माचे काम झाले, अशी समजूत पुष्कळांची असते. ती खरी नाही. अमेरिकेचे औषधनियंत्रण खाते, म्हणजे एफ. डी. ए., स्पष्ट सांगते की ही आजन्म टिकणारी वस्तू नव्हे. जितकी वर्षे अधिक, तितका तक्रारीचा संभव अधिक. पण म्हणून दहा वर्षे भरली की काढलेच पाहिजे, असाही नियम नाही. औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते, तसे हे नव्हे.

आत काय घडते ते पाहा. परकी वस्तू शरीरात राहिली की शरीर तिच्याभोवती वणासारखे एक आवरण विणते. डॉक्टर त्याला कॅप्सूल म्हणतात. हे प्रत्येकीच्या बाबतीत घडते आणि तो रोग नव्हे. काहींच्या बाबतीत मात्र हे आवरण आवळत जाते, स्तन कठीण होतो, आकार बिघडतो, दुखू लागतो. काढण्याचे हे एक नेहमीचे कारण. दुसरे कारण फुटण्याचे. मिठाचे पाणी भरलेले इम्प्लांट फुटले तर पाणी अंगात जिरते आणि स्तन बसलेला लगेच दिसतो. सिलिकोनचे फुटले तर कित्येकदा बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून एफ. डी. ए.ने सिलिकोनवाल्यांना, तक्रार नसली तरी, पाच-सहा वर्षांनी पहिली आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एम. आर. आय. तपासणी सुचविली आहे.

आता भयाकडे वळू. दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. फ्रान्समधील पी. आय. पी. नावाच्या कंपनीने वैद्यकीय वापरासाठी मान्यता नसलेले, कारखानी दर्जाचे सिलिकोन भरून इम्प्लांट विकले. हे २०१० मध्ये उघडकीस आले, आणि २०११ च्या डिसेंबरात फ्रेंच सरकारने आपल्या देशातील सुमारे ३०,००० स्त्रियांना, त्रास नसला तरीही, ती काढून घेण्याचा सल्ला दिला. दुसरी घटना २०१९ ची. अ‍ॅलर्गन कंपनीची बायोसेल नावाची, खडबडीत पृष्ठभागाची इम्प्लांटे जगभरातून परत मागविली गेली. कारण त्यांच्याभोवतीच्या आवरणात लसिका-पेशींचा एक विरळ कॅन्सर होतो असे आढळले. तोवर जगभरात ५७३ रुग्णांची आणि ३३ मृत्यूंची नोंद एफ. डी. ए.कडे झाली होती. तरीसुद्धा ज्यांना काही लक्षण नाही त्यांनी ती काढावीत, असे खात्याने सांगितले नाही. बाजारातून माल परत घेणे वेगळे आणि शरीरातून काढणे वेगळे. शस्त्रक्रियेलाही धोका असतोच, आणि तोही हिशेबात धरावा लागतो. मात्र बसविल्यावर वर्षांनी एखाद्या बाजूला एकाएकी सूज आली किंवा गाठ लागली, तर ते लक्षण अंगावर काढू नये. त्या सुजेतले पाणी काढून तपासलेच पाहिजे.

यावरून एक साधी गोष्ट निघते. आपल्या अंगात कोणत्या कंपनीचे, कोणत्या जातीचे, गुळगुळीत की खडबडीत इम्प्लांट आहे, हे ठाऊक असल्याशिवाय कोणतीही बातमी आपल्याला लागू आहे की नाही, ते ठरत नाही. बसविताना एक कार्ड देतात. ते कुठल्या ट्रंकेत पडले आहे ते शोधा. नसेल तर जुन्या इस्पितळातून शस्त्रक्रियेचे टिपण मागून घ्या.

याहून अवघड प्रकरण म्हणजे अंगभर पसरलेल्या तक्रारी. थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा, केस गळणे. हे सारे इम्प्लांटमुळे, असे अनेक स्त्रिया म्हणतात. ते ओळखण्याची कोणतीही एक चाचणी आज नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीला १९९९ मध्ये इम्प्लांटमुळे सर्वांगाचे मोठे आजार होतात असा पुरावा मिळाला नाही. काही घाईच्या डॉक्टरांनी यातून 'तुमचा भ्रम आहे' असा निष्कर्ष काढला. पुरावा मिळाला नाही आणि त्रास नाही, या दोन विधानांत अंतर आहे, बरं का! काढल्यावर बरे वाटल्याचे पुष्कळजणी सांगतात, आणि एफ. डी. ए.ने २०२१ पासून या तक्रारींची माहिती आधीच देणे बंधनकारक केले आहे. पण उलट बाजूही लक्षात घ्या. थकवा थायरॉइडने येतो, रक्त कमी असल्याने येतो, पाळी जातानाही येतो. या तपासण्या आधी कराव्यात. नाहीतर इम्प्लांट जाईल आणि थकवा राहील.

काढायचे ठरलेच, तर आवरणाचे काय, हा प्रश्न येतो. ते गाठोड्यासारखे न उघडता, अखंड काढा, असा आग्रह हल्ली धरला जातो. त्याला एन ब्लॉक म्हणतात. ही पद्धत मुळात कॅन्सरसाठी आहे, आणि वर सांगितलेल्या कॅन्सरात आवरण संपूर्ण काढणे आवश्यकच असते. एरवी मात्र आवरण पातळ असून फासळ्यांना घट्ट चिकटलेले असेल, तर ओरबाडून काढताना फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत हवा शिरण्याचा धोका असतो. अंगभर तक्रारी असलेल्या स्त्रियांच्या एका अलीकडील अमेरिकन अभ्यासात, आवरण किती काढले यावर बरे वाटणे अवलंबून नव्हते, असे दिसले. तेव्हा 'अखंड काढाल का?' यापेक्षा 'माझ्या बाबतीत किती काढणे आवश्यक आहे, आणि का?' असे विचारावे. काढलेले आवरण पॅथॉलॉजीकडे पाठविणार का, हेही त्याच वेळी विचारावे.

नंतर आरशात काय दिसेल, हे नवऱ्यासमोर विचारायला संकोच वाटत असेल तर एकट्याने जाऊन विचारा, पण विचारा. ताणलेली त्वचा सैल पडते. स्तन पूर्वीपेक्षा लहान आणि ओघळलेला दिसू शकतो. तो उचलून घेण्याची किंवा अंगचीच चरबी भरण्याची शस्त्रक्रिया त्याच वेळी होते किंवा काही महिन्यांनी. कॅन्सरनंतर बसविलेले असेल तर मागे फारसे काहीच उरत नाही. छाती सपाट ठेवायची की पोटाच्या मांसाने नवा स्तन घडवायचा, ते आधी ठरवावे लागते. काही दिवस नळी राहू शकते, आणि कित्येक आठवडे पाण्याची घागर किंवा नातवंड उचलता येत नाही. त्या दिवसांत घरात कोण असेल, ते तारीख घेण्यापूर्वी पाहावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगावे, परस्पर बंद करू नये. विमा कंपनीकडूनही लेखी उत्तर आणावे; सौंदर्यासाठी बसविलेले काढण्याचा खर्च बहुधा नाकारतात, कॅन्सरनंतरच्या इम्प्लांटची गोष्ट वेगळी असू शकते.