सांभाळणाऱ्याची विचारपूस

लंडन : इथे घरात कुणाला डिमेन्शिया झाला की कायदा दोघांची दखल घेतो. आजारी माणसाची आणि त्याला सांभाळणाऱ्याची. 2014 च्या केअर ॲक्टनुसार इंग्लंडमधल्या कौन्सिलला सांभाळणाऱ्याच्या गरजांची वेगळी पाहणी करावी लागते. तुमची तब्येत कशी आहे, नोकरी सांभाळता येते का, आणि हे काम यापुढेही करायची तुमची तयारी आहे का?

हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. आमच्या जयसिंगपुरात तो कुठल्या सुनेला कुणी विचारलेला मी ऐकला नाही. सासूबाई रात्री दोन वाजता ‘मला माझ्या घरी सोड’ म्हणत दाराची कडी काढू लागतात. सुनेला पहाटे उठून डबे करायचे असतात. भेटायला आलेली माणसं ‘पुण्याचं काम करतीयास बाई’ म्हणून जातात. त्यांच्या मनात मायाच असते, पण त्यानंतर ‘मी दमले’ म्हणायला तिला तोंड उरत नाही.

इथलंही सगळं गोड नाही. आठवड्याला किमान 35 तास सांभाळणाऱ्याला सरकारी भत्ता आहे, पण तो तुटपुंजा. शिवाय पुरेशी सरकारी पेन्शन असली की बहुधा तो हातात पडतच नाही, म्हणजे नवऱ्याला सांभाळणाऱ्या ऐंशीच्या आजी त्यातून वगळल्या जातात. 2024 पासून नोकरदाराला वर्षाला आठवडाभर रजा मिळते, तीही बिनपगारी.

पैशापेक्षा मला इथलं ‘स्टार्ट’ नावाचं काम आपल्या उपयोगाचं वाटतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या प्रा. गिल लिव्हिंग्स्टन यांच्या गटाने ते उभं केलं. मानसशास्त्राचा पदवीधर सांभाळणाऱ्याला आठ वेळा भेटतो. तेच ते पुन्हा विचारलं तर काय बोलायचं, राग चढला की श्वास कसा सावरायचा, मदत कुणाकडे मागायची, आठवड्यात स्वतःच्या आवडीचं काय करायचं, हे दोघं मिळून ठरवतात. 260 जणांवरच्या अभ्यासात सांभाळणाऱ्यांची चिंता आणि उदासी कमी झाली, आणि दोन वर्षांनीही तो फरक टिकून होता.

हे श्रीमंत देशातच जमतं असं नाही. गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी 81 कुटुंबांसोबत असाच प्रयोग केला. 2008 साली तो प्रसिद्ध झाला. तिथे घरोघरी जाणाऱ्यांना मोठ्या पदव्या नव्हत्या. स्थानिक भाषा येणारी, आठवडाभर प्रशिक्षण घेतलेली माणसं होती ती, पाठीशी तज्ज्ञ डॉक्टर. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण हलका झाला.

शिरोळ तालुक्यात आशाताई घरोघरी जातातच. त्यांना हे शिकवून, कामाचा वेगळा मोबदला देऊन, मिरज-सांगलीचे मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी उभे केले तर जयसिंगपुरातून सुरुवात करता येईल. तोवर ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालू असते. तिथे सुनेनेही फोन करावा, लेकीनेही.