तांब्याचे नाणे घासू नका!

आमच्या देवघरात एक शिवराई होती. तांब्याची, काळपट आणि हाताने ठोकून पाडलेली असल्यामुळे धड गोलही नसलेली. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ ही अक्षरे बोटाला लागत. मी सातवीत असताना आजी चिंचेने ताम्हन घासत होती. ते पाहून मीही शिवराई चिंचेच्या कोळात बुडवली आणि वर रांगोळीने खसखसून घासली. पाच मिनिटांत ती लखलखू लागली! मोठ्या ऐटीत मी ती शाळेत नेली. इतिहासाच्या गुरुजींनी ती उजेडात धरून बराच वेळ इकडेतिकडे फिरवली आणि म्हणाले, “ही शिवराई आहे, हे आता तुझ्या शब्दावरच मानायला हवे.”

अक्षरे गेली होती. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हापासून शिवराई चालू झाली आणि पुढे पेशवाईतही ती पाडली जात होती. अक्षरांचे वळण, टिंबे आणि ओळींची मांडणी यांवरूनच नाणे कोणत्या काळातले हे अभ्यासक ठरवतात. माझ्या नाण्यापुरता तो पुरावा मी कायमचा पुसून टाकला होता.

रंग कोठून येतो?

नवे तांबे गुलाबीसर लाल असते. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यावर प्रथम लाल क्युप्रस ऑक्साइडचा व नंतर काळ्या क्युप्रिक ऑक्साइडचा थर बसतो. ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांची भर पडली की हिरवे बेसिक कॉपर कार्बोनेट तयार होते. मॅलाकाइट या खनिजात हाच पदार्थ असतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा थर नाण्यावर बाहेरून बसलेली धूळ नव्हे. तो नाण्याच्याच तांब्यापासून बनलेला असतो. दोन-तीनशे वर्षांत नाण्याच्या पृष्ठभागाचे ऑक्साइड झालेले असते आणि अक्षरांचे बारकावे पुष्कळदा त्या ऑक्साइडमध्येच शिल्लक असतात. चिंचेतील टार्टारिक आम्ल किंवा लिंबातील सायट्रिक आम्ल नेमके हे ऑक्साइड विरघळवते. थर गेला की त्यातील अक्षरेही गेली! शिवाय घट्ट थराचे पांघरूण निघाल्यामुळे उघडे पडलेले तांबे पुन्हा भराभर काळे पडते.

थोडे गणित करू. नाण्याचा व्यास २ सें.मी. धरला, तर दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ मिळून सुमारे ६.२८ चौ. सें.मी. होते. घासण्यात केवळ ०.१ मि.मी. जाडीचे तांबे गेले, तर गेलेले घनफळ ०.०६२८ घ. सें.मी. होईल. तांब्याची घनता दर घ. सें.मी. ला ८.९६ ग्रॅम. म्हणजे वजनातील घट जेमतेम ०.५६ ग्रॅम! हाताला ती जाणवणारही नाही. परंतु झिजलेल्या नाण्यावर अक्षरांची उंचीच मुळी मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी असते. मग शिल्लक काय राहणार?

चांगला हिरवा आणि वाईट हिरवा

सगळाच हिरवा रंग निरुपद्रवी नसतो. गडद, घट्ट आणि गुळगुळीत हिरवा थर नाण्याचे रक्षणच करतो. पण फिकट हिरवी, भुसभुशीत पूड ठिपक्याठिपक्यांनी येत असेल आणि झटकल्यावर पुन्हा उगवत असेल, तर सावध व्हा. याला ‘ब्राँझचा रोग’ म्हणतात. तो शुद्ध तांब्यालाही होतो.

या रोगाचे मूळ मिठात आहे. घामातील, खाऱ्या मातीतील किंवा समुद्रकाठच्या हवेतील क्लोराइड तांब्याशी मिळून क्युप्रस क्लोराइड बनते. त्याला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की फिकट हिरवे बेसिक क्लोराइड आणि त्याबरोबर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. हे आम्ल आतल्या तांब्यावर तुटून पडते, पुन्हा क्युप्रस क्लोराइड बनते आणि चक्र चालूच राहते. कोकणातल्या पावसाळ्यात तर या चक्राला आयतेच खाद्य मिळते. असे नाणे इतर नाण्यांपासून वेगळे काढून कोरड्या डबीत ठेवा व संग्रहालयातील तज्ज्ञांना दाखवा. त्यावरील रासायनिक उपचार घरी करू नयेत.

मग करावे काय?

पहिला नियम असा, की शंका असेल तर काहीच करू नये. माती चिकटलेली असेल, तर नाणे काही दिवस ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवा आणि पाणी रोज बदला. नळाच्या पाण्यात क्लोराइड असते, म्हणून ते नको. मऊ झालेली माती लाकडी दातकोरणीने हलकेच सोडवा. नंतर नाणे मऊ सुती कापडावर टिपून दिव्याच्या सौम्य उबेत पूर्ण कोरडे करा. चिंच, लिंबू, राख, रांगोळी व पॉलिश वर्ज्य.

नाणे नेहमी कडेने धरा. घामातील मीठ आणि आम्ले यांमुळे अंगठ्याचा ठसा तांब्यावर कायमचा उमटू शकतो. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून कालांतराने हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते व नाण्यावर हिरवा चिकटा येतो. त्याऐवजी आम्लरहित कागदाचे पाकीट वापरा, ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सोबत सिलिका जेलची पुडी टाका.

करून पाहा

तांब्याच्या तारेचे तीन तुकडे पॉलिश कागदाने घासून चकचकीत करा. पहिला कोरड्या बाटलीत सिलिका जेलसह बंद करा. दुसरा ओला कापूस ठेवलेल्या बाटलीत, पण कापसाला न लागेल असा, टांगा. तिसरा मिठाच्या पाण्यात बुडवून तशाच दुसऱ्या ओल्या बाटलीत टांगा. रोज एकाच वेळी पाहून पंधरा दिवस रंगांची नोंद वहीत ठेवा. कोणता तुकडा आधी बिघडतो आणि का, हे वर्गात शिक्षकांशी बोलून ठरवा.

ती शिवराई आजही माझ्याकडे आहे. वर्गात ऑक्सिडीकरणाचा विषय निघाला की मी ती विद्यार्थ्यांच्या हाती देतो. अक्षरे कोणालाच वाचता येत नाहीत; पण त्यानंतर आपल्या घरातले नाणे कोणी चिंचेने घासत नाही.