ट्रॅक्टरचा एसी : राखणदाराला दोष देऊ नका



या खेपेला ऊस लागणीऐवजी ट्रॅक्टरच्या एसीवर लिहितोय, म्हणून हसू नका. पाचटाची कुट्टी करताना बंद केबिनमधल्या ड्रायव्हरला एसी ही चैन नाही. तो बंद पडला की ड्रायव्हर दार उघडतो आणि दिवसभर धूळ खातो.

गेल्या मे महिन्यात घरच्या कामासाठी घाटाखाली कर्जत-खालापूरला गेलो होतो. मुलूख भाताचा. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेले पाणी राजनाला कालव्याने कर्जतच्या शिवारात येते, त्यावर उन्हाळी भात होते. कापणी उरकून ट्रॅक्टरवर पेंढ्याचे गठ्ठे बांधणे चालू होते. आमच्या दाजींच्या ट्रॅक्टरचा एसी सकाळी तासभर चाले आणि ऊन चढले की बंद. इंजिन थांबवून चहा घेतला की पुन्हा चालू! मिस्त्रीने प्रेशर स्विच बदलला. दुसऱ्या दिवशी तेच रडगाणे. मी म्हटलं, "दाजी, पुढची जाळी बघितली का?" रेडिएटरपुढच्या कंडेन्सरवर कोंड्याचा आणि धुळीचा लेप बसला होता. उष्णता बाहेर पडेना, म्हणून गॅसचा दाब वाढे आणि स्विच कॉम्प्रेसर थांबवी. जाळी साफ केली, काम झाले. चांगला स्विच मात्र फुकट बदलला गेला.

खालापूरकडच्या एका ट्रॅक्टरचे उलटे झाले. सांध्यातून गॅस गळून दाब उतरला, तेव्हाही स्विचने कॉम्प्रेसर बंदच ठेवला. ड्रायव्हरने शक्कल लढवून स्विचच्या वायरी थेट जोडल्या. कॉम्प्रेसरला लागणारे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस नाही तर तेल नाही! कॉम्प्रेसर जाम झाला आणि स्विचच्या कितीतरी पट खर्च अंगावर आला.

तात्पर्य, हा स्विच म्हणजे राखणदार. दाब फार उतरला वा फार चढला की तो कॉम्प्रेसरच्या क्लचची वीज तोडतो. राखणदार ओरडला तर आधी चोर शोधावा.

म्हणून क्रम असा ठेवा. इंजिन बंद करून जाळी आतून बाहेर, हलक्या हवेने साफ करा; काही ट्रॅक्टरांत ती छतावर असते. पट्टा आणि फ्यूज पाहा. मग मिस्त्रीकडून गेज लावून दाब तपासा. दाब बरोबर असून साधा दोन वायरींचा स्विच मीटरवर जोड दाखवत नसेल, तरच तो खराब समजावा. तीन-चार वायरींच्या स्विचची तपासणी वेगळी असते.

स्विच बदलताना त्याच्याखाली गॅस अडवणारा व्हॉल्व्ह आहे का, याची पुस्तिकेतून खात्री करा. नसेल तर मिस्त्रीने गॅस यंत्राने काढून घेतल्याशिवाय स्विच सैल करू नये. आर-१३४ए गॅस उणे २६ अंशांलाच उकळतो. उडाला तर डोळा आणि कातडी गोठवतो. हवेत सोडला तर वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून भारी. नवा स्विच त्याच नंबरचा घ्या, रबरी रिंग नवी घालून तिला एसीचे तेल लावा, बेताने आवळा आणि साबणाच्या पाण्याने गळती पाहा.

गाळप हंगामात पाचटाची धूळ भाताच्या कोंड्यापेक्षा कमी नसते. रोज संध्याकाळी पाच मिनिटे जाळीला द्या. ड्रायव्हरही माणूसच आहे, आणि कॉम्प्रेसर काही उसाच्या बिलात फुकट मिळत नाही!

— ऊस विकास अधिकारी